फुंकायचं नाही

त्या वर्षी मार्गशीर्षात पाऊस आला आणि जयसिंग शेठच्या हॉटेलामागं रचलेलं बाभळीचं सगळं लाकूड भिजलं. ताडपत्री होती, पण ती शेठनं पार्किंगच्या चिखलावर अंथरली, कारण गिऱ्हाइकांच्या गाड्या रुतत होत्या. "लाकूड काय, वाळंल की," तो म्हणाला. वाळलं नाही. वरून कोरडं दिसायचं, चुलीत घातलं की टोकातून फेस यायचा, फेसामागून चरचर आवाज, आणि मग धूर.

त्या चुलीपुढं माझी माय बसायची.

हॉटेल धायरीच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून. रविवारी शहरातली माणसं गाड्या काढून चुलीवरची भाकरी खायला यायची. त्यांच्या घरी गॅस, आमच्या घरी गॅस, शेठच्याही घरी गॅस. चूल फक्त हॉटेलात. ती शेठनं मुद्दाम दाराशी बांधून घेतली होती, येणाऱ्याच्या नजरेत पहिली तीच भरावी म्हणून. मायनं तिथं नऊवारी नेसून बसायचं असा नियम होता. मायला नऊवारी येत नव्हती. वाशिमकडून आली तेव्हापासून ती गोल साडीच नेसायची. शेठच्या बायकोनं तिला मागच्या खोलीत उभं करून कासोटा शिकवला होता.

पाटावर उकिडवं बसायचं. गुडघे पोटात रुतलेले. डाव्या हाताला परात, उजव्या हाताला लाकडं, आणि मांडीला टेकवलेली लोखंडी फुंकणी.

"हे लाकूड नोहे, हे पाणीच हाये," माय म्हणायची आणि फुंकणी तोंडाला लावायची. खांदे कानापर्यंत वर, गाल टम्म, मानेच्या शिरा दोरीसारख्या. एक, दोन, तीन फुंका. जाळ भसकन उठायचा, गिऱ्हाइकं "आहाहा" करायची, मोबाइल पुढं यायचे. पण फुंकायला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि माय घ्यायची तो श्वास तिथलाच होता.

मी दहावीत. रविवारी मी ताटं वाढायला जायचे. मला ते काम आवडायचं. त्या वर्षी शाळेच्या संमेलनात मी माइक धरून सूत्रसंचालन केलं होतं आणि तेव्हापासून मला कुणाशीही बोलायची भीती वाटत नव्हती. कोणत्या टेबलाला आधी पिठलं आणि कोणत्या टेबलाला आधी गोड बोलणं द्यायचं, ते मला बरोबर कळायचं.

त्या रविवारी चुलीजवळच्या टेबलावर एक आजोबा आणि आजी बसले होते. आजोबांनी नाकाला रुमाल लावला.

"अगं बाळ, हा धूर जरा कमी करता येईल का?"

आजी लिंबू पिळता पिळता म्हणाल्या, "चुलीवरचंच हवं होतं ना आपल्याला? मग धूर काय ते वेगळा बांधून घरी पाठवणार आहेत?"

मी हसले. मायही हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. हसण्यातून निघालेला खोकला थांबेना. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, पदर तोंडाशी धरला, पुन्हा खोकली. पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईनं आपल्या लहान मुलाचं ताट बाजूला सारलं आणि शेठला हाक मारली. ती हळू बोलत होती, पण तिचं बोट मायकडं होतं.

जयसिंग शेठ आला. तो वाईट माणूस नव्हता. भाकरी उरली तर तो मोजून घेत नसे. तो वाकून म्हणाला, "मुक्ताबाई, जरा मागं जाऊन खोका की. लोकं जेवत्यात."

माय उठली. उठताना तिनं भिंत धरली. लाकडाच्या ढिगामागं जाऊन ती खोकत राहिली. मी पाणी घेऊन गेले तर ती ओंडक्यावर हात टेकून वाकली होती आणि श्वास घेताना तिच्या गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जात होती.

"जाय तू," ती म्हणाली. "पिठलं थंड होते."

संध्याकाळी हात धुताना शेठनं सांगितलं, "उद्यापास्नं तुमी मागं भांड्याकडं बघा. चुलीवर गोदाबाई बसंल. बरं वाटंस्तोवर."

गोदाबाई भांडी घासायची. म्हणजे दोघींची जागा बदलली, एवढंच.  मायनं नऊवारी सोडून घडी घातली आणि ती गोदाबाईच्या हातात दिली. "काष्टा घट्ट मारजो," ती म्हणाली, "वाकल्यावर सुटते."

आमची खोली चढावर होती. पत्र्याची, पण भिंतीला निळा रंग दिलेली. माय चढ चढताना दोनदा थांबायची, मग तीनदा थांबायला लागली. भांड्याचं काम चुलीपेक्षा वाईट निघालं. पाणी बर्फासारखं, बादल्या उचलायच्या, आणि पुन्हा उकिडवंच बसायचं. भिंतीपलीकडून गोदाबाईची भाकरी थापल्याचा आवाज यायचा.

"पाणी कमी लावते ते," माय घासणी चालवत म्हणायची. "कडा फुटत असतीन."

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, हा फुप्फुसाचा जुना आजार आहे, बरा होत नाही, सांभाळायचा असतो. माय म्हणाली होती, "मी तं कधी बिडी नाई पेली." डॉक्टर म्हणाले, "चुलीपुढं किती वर्षं बसताय?" माय म्हणाली, "परकर घालाले लागली तवापासून." त्यावर डॉक्टरांनी नुसतं लिहिलं. औषधं देणाऱ्या माणसानं गर्दीत औषधाची कुपी, म्हणजे भुकटी भरलेली कॅप्सूल, ती बसवायची छोटी प्लॅस्टिकची नळी, सगळं दाखवलं. मायनं मान हलवली. "समजलं?" "हाव."

रोज सकाळी माय ते औषध घ्यायची. पण आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड, डोक्यावरून पदर. नळी तोंडात धरलेली बाई बिडी ओढल्यासारखी दिसते, असं तिला वाटायचं. मागून फक्त खांदे हललेले दिसायचे.

माझे बाबा, नागोराव, सोसायटीच्या गेटवर वॉचमन. त्या नळीला ते पंप म्हणायचे, आणि त्यांना त्या पंपाचा राग. "त्याची सवय लागते," ते म्हणायचे. "आमच्या गेटावरच्या एकाच्या सासूले लागली. मरेपर्यंत सुटली नाई."

"मरेपर्यंत जगली ना पण ती," मी म्हणायचे.

"लय बोलाले लागली ही."

पण औषध घेऊनही माय खाली खालीच चालली होती. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी तेच. झोपताना तिला दोन उशा लागायला लागल्या, मग ती भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागली. केस विंचरताना हात वर केले की तिला धाप लागायची. मग वेणी मी घालायला लागले. तिच्या बरगड्यांवर हात टेकला तर आत काहीतरी शिट्टी वाजवत असल्यासारखं वाटायचं.

बाबांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी मला शाळा बुडवायला सांगितलं. मी आणि माय बसनं स्वारगेटला उतरून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून आम्हाला पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथं श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या शेफाली मॅडम होत्या. पांढरा कोट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि बोलणं भराभर.

"ताई, बसा. खुर्चीत. टेकून. खांदे खाली. अहो, खाली म्हणजे खाली, कानाला झुमके घातलेत का खांद्यांचे?"

माय हसली. पण खांदे खाली जाईनात.

"आता नाकानं श्वास घ्या. तोंड मिटून. हात पोटावर ठेवा, पोट पुढं आलं पाहिजे. आणि सोडताना ओठ असे करा, आणि हळूऽऽ सोडा. घेतला त्याच्या दुप्पट वेळ."

मायनं ओठांचा चंबू केला. आणि गाल फुगवून सगळी ताकद लावून फुंकलं. मॅडमच्या टेबलावरचे कागद उडाले.

"अहो!"

मायनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना तिला चक्कर आली. मॅडमनी तिला पुढं वाकवून कोपरं मांडीवर टेकवली आणि तसंच बसवून ठेवलं. "हे लक्षात ठेवा, धाप लागली की असं बसायचं. घाबरून उभं राहायचं नाही, धावायचं नाही." मग मला विचारलं, "या काय काम करतात?"

मी सांगितलं.

मॅडमनी उडालेले कागद गोळा केले. "धुरापासून लांब राहायला हवं, हे यांना माहिती असेलच."

"माहीत हाये," माय मान खाली घालूनच म्हणाली.

"बरं. मग ऐका ताई. फुंकायचं नाही. सोडायचं. समोर चुलीतला जाळ नाहीये. समोर बशीतला चहा आहे, गरम, आणि बशी काठोकाठ भरलीय. थेंबही सांडू द्यायचा नाही."

चहा मायला कळला. पहिला श्वास तिनं चहावर सोडला तसा सोडला. ओठांतून बारीक आवाज येत राहिला, आणि संपता संपता तिचे खांदे आपोआप खाली आले. ती माझ्याकडं बघायला लागली. कुणी पाठीवरचं ओझं न सांगता काढून घेतलं की माणूस बघतं तसं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीच्या काचेवर तसाच श्वास सोडत बसली. काच धुरकट होत होती आणि पुन्हा स्वच्छ होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचे बूट घालत होते. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती, नेमकी तिच्या पुढ्यात. तिचे खांदे वर गेले, आणि त्या उन्हात पांढरा धुरळा उडाला.

"माय, काय केलंस?"

"औषध घेतलं."

"परत घे बघू."

"दोनदा घेत नाईत ते."

"मग रिकामी नळी धर. आणि दाखव."

तिनं पदर मागं घेतला, नळी ओठांत धरली, गाल टम्म फुगवले, आणि फूंऽऽ.

मला हसू फुटलं. मी एका बुटावर उड्या मारत हसले. मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. तिच्या तोंडासमोर, बसल्या उंचीवर, निळ्या भिंतीवर पांढरट डाग होता, ताटाएवढा. तो आम्ही सगळ्यांनीच कितीदा पाहिला होता. मायच्या हाताला, पदराला, केसांना सतत पीठ असायचं, मग भिंतीला असलं तर काय. मी बोट लावून जिभेला लावलं. किंचित गोड. ज्वारीचं पीठ असं लागत नाही.

माझं हसणं थांबलं.

"ते आत ओढायचं असतं माय. आत. तू बाहेर फुंकतेस."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं हातातल्या नळीकडं पाहिलं. "नळी तोंडाले लावली का फुकाच लागते ना," ती म्हणाली. "दुसरं काय करतेत नळीनं?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. 

"म्हंजे दसऱ्यापासून..." तिनं भिंतीवरून हात फिरवला, आणि तळव्याकडं बघत बसली. "कोणाले सांगू नोको. हसतीन लोक."

बाबा रात्रपाळी करून आले तेव्हा मी सांगितलंच. ते हसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून ते बराच वेळ तिच्या काठावरून अंगठा फिरवत बसले. "म्हंजे औषध लागू नाई पडलं असं नाई," ते शेवटी म्हणाले. "पोटात गेलंच नाई."

"पोटात नाही बाबा. छातीत."

"तेच ते." आणि त्यांनी फोन काढून माझ्याकडं दिला. "त्या मॅडमले दाव. बराबर कसं घ्याचं ते इचार." पंपाची सवय लागते, हे वाक्य त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

दवाखान्याच्या कागदावरच्या नंबरावर मी मायचा व्हिडिओ काढून पाठवला, तो बघून शेफाली मॅडमनी आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. आधी छाती रिकामी करायची, नळीपासून तोंड लांब नेऊन. मग ओठ घट्ट, आणि जोरानं आत ओढायचं, आणि धरून ठेवायचं. नंतर चूळ भरायची. मायला 'आत ओढ' म्हटलं तरी ओठ नळीला लागताच गाल फुगायचे. तिचा चेहरा रडवेला व्हायचा. मी शरबत प्यायल्यासारखं सांगून पाहिलं, तर ती नुसते गाल आत ओढायची. मग एकदा बाबा न्हाणीत अंघोळीला बसले होते, पाणी तापलं नव्हतं, पहिला तांब्या अंगावर ओतताच त्यांनी "हूऽऽ" केलं.

"हे! माय, हे! थंड पाणी पडल्यावर श्वास कसा आत जातो? तसा!"

"माह्या अंघोळीत कायले शिरली?" बाबा आतून ओरडले.

मायनं डोळे मिटले, थंड पाण्याचा तांब्या आठवला, आणि नळीतून "हूऽऽ" करून ओढलं. कुपी आत भिरभिरली. भिंतीवर काही पडलं नाही.

मग आमच्या घरात सगळंच थोडं थोडं हललं. जमिनीवरची शेगडी बाबांनी सोसायटीतून आणलेल्या जुन्या टेबलावर ठेवली, म्हणजे मायला वाकायला नको. देवापुढची उदबत्ती बंद झाली. माय आधी नाराज होती, मग म्हणाली, "देवालेई धुराचा कटाळा आला असंन." डासांची वेटोळी अगरबत्ती जाऊन मच्छरदाणी आली. अंघोळीला स्टूल. पोटभर एकदा जेवायच्या ऐवजी थोडं थोडं, कारण पोट तट्ट भरलं की छातीला जागा राहत नाही. बादली उचलायची असली तर आधी श्वास घ्यायचा, आणि उचलताना ओठांतून सोडायचा. माय आकडे मोजत बसायला कंटाळायची. मी "एक, दोन" करायला लागले की म्हणायची, "तुह्यी शाळा तिकडं." मग ती मांडीवर भाकरी थापल्यासारखा हात मारायची. दोन थापांना श्वास आत, चार थापांना बाहेर. ते तिला जमलं. संध्याकाळी दारात बसून ती मांडी थापत श्वास सोडायची आणि शेजारणी विचारायच्या, भूक लागली का मुक्ताबाई?

धाप वाढली तेव्हाच भांड्यांचं काम सुटलं होतं. घर बाबांच्या पगारावर चाललं, ओढून ताणून. संक्रांतीपर्यंत माय एका उशीवर आली. एका सकाळी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. मी शाळेत मैत्रिणींना मिठाई वाटल्यासारखी ती बातमी वाटली.

आणि मग जयसिंग शेठ घरी आला. हातात हुरड्याची पिशवी. चढ चढून त्यालाच धाप लागली होती.

"बसा," माय म्हणाली. "ओठातून सोडा श्वास. हळू."

शेठ हसला, खाटेच्या काठावर बसला. "बऱ्या दिसताय की. आवं, हुरड्याचा सीझन हाय, रविवारी पाय ठेवायला जागा नसती. आन् गोदाबाईच्या भाकरीला पापुद्रा सुटंना. लोकं मलाच इचारत्यात, त्या मावशी कुठं गेल्या."

मी मायचं तोंड बघत होते. कुणीतरी दिवा लावल्यासारखं ते उजळलं.

"कोण इचारते?"

"सगळीच. ते लिंबूवाल्या आजीबाई, त्या तर म्हणाल्या, भाकरी करणारी बदललीत, मग दरही बदला."

माय पदरात तोंड लपवून हसली.

मी मधे पडले. "शेठ, आत गॅस आहे ना? तिथं उभ्यानं करू द्या मायला. भाकरी तीच होईल."

"आगं पोरी, आत केलेली भाकरी कोण बघणार? लोकं रस्त्यावरनं धूर बघून गाडी थांबवत्यात." त्यानं मायकडं पाहिलं. "कोरडं लाकूड आणलंय, ताई. शप्पथ. नुसता जाळ, धूर न्हाई."

तो गेल्यावर मी भांडले. मी चांगली भांडते. "पंप लागू पडला म्हणून तू पुन्हा धूर खायला चाललीस? मॅडमनी काय सांगितलं होतं? छाती जी जळाली ती परत येत नाही, राहिली ती सांभाळायची!"

माय हुरडा निवडत होती. "तू माइकवर बोलते तवा तुले कसं वाटते?"

"त्याचं इथं काय?"

"लोक पाहतेत. टाळ्या वाजवतेत. मले कोणी पाह्यलं सांग बरं? गावात रोजानं गेली, इथं आली तं दुसऱ्याचे फरशे पुसले. त्या चुलीपाशी बसली तं मोठ्या मोठ्या गाडीतले लोक म्हणतेत, मावशी, तुमच्या हाताले चव हाये. फोटो काढतेत. मी खोकतो थे त्याहिले दिसते, पण भाकरीई दिसते." तिला मधे थांबावं लागलं. तिनं मांडी थापली, श्वास सोडला. "मांगं भांडे घासतानी कोणालेच काही दिसत नाई."

मी बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "तिची छाती हाये. तिले ठरवू दे."

रविवारी माय गेली. मी सोबत. नऊवारी नेसली, पण पाटाऐवजी तिनं बुटकं स्टूल मागून घेतलं आणि तोंडाला ओला रुमाल बांधला. शेठ म्हणाला, "रुमाल नको ओ, दवाखान्यासारखं दिसतंय." तिनं रुमाल गळ्यात सोडला. लाकूड खरंच कोरडं होतं. जाळ सरळ उठत होता. परातीत उंडा फिरवताना, तव्यावर टाकताना, ती श्वास सोडत होती, कुणाला न कळता. भाकऱ्या टम्म फुगत होत्या. एका बाईनं तिच्याजवळ बसून फोटो काढून घेतला. माय कॅमेऱ्याकडं बघून हसली. मी ताटं घेऊन पळत होते आणि मला वाटलं, मीच चुकले होते की काय.

दुपारी गर्दी दुप्पट झाली आणि कोरडं लाकूड संपलं. पोऱ्यानं मागच्या ढिगातून आणून टाकलं. तेच पावसात भिजलेलं. टोकाला फेस आला. जाळ बसला. धुराचा लोट उठला आणि बाहेर जायच्या ऐवजी वाऱ्यानं आत वळला.

"मुक्ताबाई, फुंका की!" गल्ल्यावरून शेठ ओरडला. "ताटं थांबल्यात."

मायनं फुंकणी उचलली. एकदा फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकायला श्वास घेतला आणि तो आत शिरलाच नाही. मला ते टेबलापाशी उभं राहून दिसलं, तिचं तोंड उघडं, मान ताणलेली, आणि छाती जागच्या जागी. फुंकणी हातातून निसटून फरशीवर वाजली. सगळं हॉटेल वळलं.

मी धावले. तव्यावर भाकरी होती. तिची कड काळी पडायला लागली होती आणि जळका वास सुटला होता. मला एवढंच सुचलं, ती भाकरी उलटावी, कुणाला काही दिसू नये. मी हात घातला. मायनं माझं मनगट धरलं.

तिनं कोपरं मांडीवर टेकवली. पुढं वाकली. ओठ बारीक केले आणि सोडलं. लांब, हळू. पुन्हा नाकानं थोडासा आत. पुन्हा बाहेर. लिंबूवाल्या आजी नव्हत्या त्या दिवशी, दुसरे कुणीकुणी होते. काही जण मोबाइल धरून होते. कुणीतरी म्हणालं, ॲम्ब्युलन्स बोलवा. माय कुणाकडंच बघत नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याबरोबर तसाच श्वास सोडत राहिले, कारण दुसरं काही मला येत नव्हतं.

शेठ येऊन उभा राहिला. "मुक्ताबाई," तो हळूच म्हणाला, "भाकरी जळतीया."

मायनं श्वास संपेपर्यंत सोडला. मग पुढच्या श्वासावर दोनच शब्द बसवले.

"जळू द्या."

भाकरी कोळसा झाली. कितीतरी वेळानं तिचे खांदे खाली आले. तिनं पंप काढला. पाठ नाही केली, पदर नाही घेतला, सगळ्यांच्या देखत ओढला आणि चूळ भरली. मग चुलीतली लाकडं एकेक मागं ओढली, त्यांच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, आणि वाफ उठली तशी मान वळवली.

"आवं, बाहेर लोकं बसल्यात," शेठ म्हणाला.

"आत गॅस हाये." श्वास. "उभ्यानं करतो." श्वास. "पायजे तं सांगा. नाई तं हे पोरगी अन् मी चाललो घरी."

"पण आत तुमी कुणाला दिसणार न्हाई की."

माय जरा वेळ दाराकडं बघत राहिली. ती बाई, जिनं फोटो काढला होता, ती अजून मोबाइल हातात धरून उभी होती.

"नाई दिसणार," माय म्हणाली, आणि परात उचलायची खूण मला केली.

शेठनं बसलेल्या माणसांकडं पाहिलं, विझलेल्या चुलीकडं पाहिलं. आतल्या आचाऱ्याला हाक मारून म्हणाला, "कढई उतर रे. एक शेगडी मोकळी कर. आन् मागचं दार उघडं ठेव."

त्या दुपारी मी आतून भाकऱ्या आणून वाढत होते. एका माणसानं भाकरी उलटीपालटी करून बघितली. "चुलीवरची आहे ना ही?"

शेठ गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाला, "भाकरी हाय. खायची तर बसा."

भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज येत होता. कुणी त्याच्याकडं लक्ष देत नव्हतं. मधेच तो थांबायचा. तो थांबला की मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहायचे, टेबलावरून कुणी "अहो, ताक" म्हणून हाक मारत असलं तरी. मग आत पुन्हा थाप पडायची, आणि मी पुढं जायचे.